भिंतीपाशी बोललेलं

शनिवार, रात्र

ह्यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच झालंय. विजापूरहून येऊन जेवणं झाली, ओटा आवरला, तरी डोक्यातून जात नाही म्हणून वही घेऊन बसले.

सईने हट्टच धरला होता, दोघं जाऊन या म्हणून. ह्यांचं काम होतं ती ओतकामाची भट्टी बंद झाल्यापासून हे भाजीपुरतेच बाहेर पडतात. तिला फोनवरून काय कळलं कुणास ठाऊक, तिकिटंच काढून पाठवली.

गोल घुमटाचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून वर जातो. अरुंद आहे आणि पायऱ्या उंच. माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा हे दोन पायऱ्या खाली येऊन थांबले, काही न बोलता. वर घुमटाच्या आतून सगळीकडून फिरलेला सज्जा आहे. कठड्यावरून खाली पाहिलं की चौथऱ्यावर महंमद आदिलशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि त्याची नर्तकी रंभा. वरून त्या कबरी अगदी एवढ्याशा दिसतात. खऱ्या खाली तळघरात आहेत म्हणे. १६५६ मध्ये तो गेला. आता सगळे एकाच छपराखाली.

सज्ज्याची गंमत सगळ्यांना माहीत आहे. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पार समोर कान लावलेल्याला ऐकू येतं. घुमट आतून ३८ मीटर रुंद, पण आवाज मधून येत नाही, भिंतीच्या बाकाला धरून फिरत येतो. म्हणजे अर्धा वळसा, साठेक मीटर.

"तू तिकडे जा, मी बोलतो," म्हणाले. स्वतःहून म्हणाले. मी गेले.

समोर पोचून कान लावला. भिंत गार होती. पलीकडे ह्यांची पाठ दिसत होती, तो करडा स्वेटर, मान खाली घातलेली, डावा तळवा भिंतीवर टेकवलेला. आणि तेवढ्यात शाळेची सहल वर आली. शिट्ट्या, टाळ्या, एकमेकांच्या नावाने हाका. तिथे एक टाळी सात-आठ वेळा परत येते, मग चाळीस पोरांचं काय होत असेल! माझ्या कानात आलं ते नुसतं सळसळल्यासारखं काहीतरी, मग शिट्टी, मग पुन्हा थोडं सळसळणं.

पण हे बराच वेळ बोलत होते. हॅलो म्हणायला, नाव घ्यायला एवढा वेळ लागत नाही.

जवळ आल्यावर विचारलं, काय म्हणालात? "काही नाही, असंच." आणि जिन्याकडे वळले.

खाली येईपर्यंत माझे डोळे सारखे भरून येत होते. एवढ्या महिन्यांनी माणूस बोलला आणि तोही दगडाशी. मी रोज समोर असते. रात्री दोनला उठून गॅलरीत उभे राहतात ते मला कळत नाही असं वाटतं का? आई गेल्या तेव्हाही असंच केलं होतं. आणि माझं काय चाललंय हे कुणी... जाऊ दे.

काय म्हणाले असतील? हप्त्यांचं असेल. सईच्या लग्नाचं असेल. माफी मागितली असेल का? तसं असेल तर मला नको ती. त्यांनी माफी मागावी असं काही केलेलंच नाही. भट्टी काय ह्यांनी थंड केली?

टांग्यात दोघं गप्प. बारा कमान पाहिली, अर्धवट राहिलेली. घोड्याच्या टापा ऐकत होते आणि डोक्यात तेच, काय म्हणाले असतील.

मग शेर्झा बुरूज आला. वर मुलूखमैदान तोफ. तिच्या तोंडाशी जबडा वासलेलं जनावर आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडतोय. मी हत्ती बघत होते. हे सरळ मागे गेले, उकिडवे बसले, बोटाच्या पेराने तोफेवर टकटक केली. घंटेसारखी वाजली ती. पुन्हा एकदा वाजवली. मग म्हणाले, "इकडे ये."

आणि बोलायला लागले. १५४९ साली अहमदनगरला ओतली आहे ही, ५५ टन. एका भट्टीचं काम नाही. चारी बाजूंना भट्ट्या लावल्या असणार आणि सगळ्यांची तोंडं एकदम फोडली असणार, कारण ओतताना धातू मध्ये थांबला की कोल्ड शट येतो, म्हणजे धातू एकजीव न होता सांधा राहतो, तिथेच तोफ फुटणार. कोअर, म्हणजे भोकासाठी साच्यात बसवलेला गाभा, सरकला की भोक वाकडं. साच्यात ओल राहिली तर माणसं जातात. "आणि वर ही नक्षी बघ, अक्षरं बघ. कुठे ब्लो होल, हवा अडकून पडलेलं भोक, दिसतंय का?" माझा हात धरून त्या अक्षरांवरून फिरवला. उन्हात असूनही तोफ तापलेली नव्हती. टांगेवाला वर आला होता, त्यालाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने सांगितलं, इंग्रजांनी १८५४ मध्ये ही भंगारात काढली होती, दीडशे रुपयांपर्यंत बोली गेली, मग कुणीतरी विक्री थांबवली. हे काही बोलले नाहीत त्यावर. तोफेवर हात ठेवून उभे राहिले थोडा वेळ.

त्यानंतर इब्राहिम रोजा पाहिला. कमानींतलं कोरीव काम आणि दगडी जाळ्या इतक्या नाजूक की मान दुखेपर्यंत बघत राहावं. भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. हे दोन भाकऱ्या जेवले. घरी दीड संपत नाही हल्ली.

गाडीत बसल्यावर परत तेच आलं मनात, पण तेवढं टोचलं नाही. कान लावायला त्यांनीच मला पाठवलं होतं. म्हणजे मी ऐकावं असं वाटतच होतं ना? मला ऐकू गेलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आता मी पुन्हा विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील, नाही वाटलं तर राहू दे. जे मोठ्याने सांगितलं ते सगळं मी ऐकलंय, कोअरपासून ब्लो होलपर्यंत.

आल्या आल्या मोल्डिंगमधल्या जुन्या दोस्ताला फोन लावला. अर्धा तास तोफच चालली होती. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

मघाशी झोपायच्या आधी म्हणाले, ती तोफ विजापूरला परांड्याच्या किल्ल्यातून नेली, १६३२ साली. परांडा काय, बार्शीवरून जाता येतं. तिथे अजून तोफा आहेत, बघायला पाहिजेत.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. सकाळची एसटी किती वाजता आहे ते बघून ठेवते.