सहा बोल्ट

डिस्क ब्रेकची डिस्क घासतेय, ही सायकल मेकॅनिककडे येणारी सर्दी-पडशासारखी तक्रार. चाक फिरवायचं, कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या, फटीतून उजेडाकडे बघायचं, रोटर, म्हणजे ही डिस्क, पॅडला टेकतो तिथे खूण करायची आणि खाच असलेल्या चपट्या हत्याराने तेवढा भाग उलट बाजूला हलकेच दाबायचा. दहा मिनिटांचं काम. या सायकलवर मी ते इतक्या सराईतपणे केलं की चूक कुठे आहे हे बघायचंच राहिलं.

सायकल जुनी, 26 इंची चाकांची माउंटन बाइक. पुढच्या चाकाचं हब, म्हणजे मधला तुंबा, सुट्या छर्‍यांचं, कप-कोनचं: छर्रे वाटी आणि शंकूसारखा कोन यांच्यामध्ये फिरतात. रोटर 160 मिलिमीटरचा, हबवर सहा बोल्टांनी बसणारा. पहिल्यांदा घासते म्हणून आली तेव्हा मी रोटर वाकडा ठरवून काढला, खोक्यात टाकला आणि नवा घातला. नवाही आऊट, म्हणजे फिरताना डोलणारा. ‘हल्ली नवा मालही सरळ येत नाही’ असं पुटपुटत तो चाकावरच सरळ केला. वर्षभर काही तक्रार नव्हती.

मग ते गृहस्थ पुन्हा आले. प्रवासात सायकल खोक्यात भरताना वाकू नये म्हणून त्यांनी रोटर काढून वेगळा ठेवला होता आणि घरी परत बसवला होता. आता चाक फिरवलं की दर फेर्‍याला एकदा चर्रर्र.

“दादा, मी नीट बसवलाय. सगळे बोल्ट चांदणीसारखे समोरासमोरचे आवळले.”

“म्हणजे काढताना किंवा ठेवताना वाकवलात,” मी म्हणालो. हे वाक्य अजून टोचतं.

आधी हबचे कोन बघितले. रिम वरून धरून हलवली तर किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा, होता. जुन्या हबमध्ये ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळायची खिट्टी, घट्ट केली की हबमधून जाणारा पोकळ अ‍ॅक्सल अगदी थोडा दाबला जातो आणि कोन आणखी घट्ट होतात. म्हणून चाक बाहेर असताना कणभर खेळ ठेवायचा, तो फोर्कमध्ये आवळल्यावर नाहीसा झाला पाहिजे. बाहेरच खेळ संपवला तर छर्रे आवळून कोन खराब होतात. 13 आणि 17 चे पाने घेऊन ते जमवलं. चार प्रयत्न लागले, नेहमीच लागतात. खेळ गेला, डोलणं तसंच.

मग डायल गेज, म्हणजे डोलणं मोजायचं सुईचं मापक, लावलं. एका फेर्‍यात सुई एकूण 0.86 मिलिमीटर फिरली. पॅड आणि रोटर यांच्यात एकेका बाजूला पाव मिलिमीटरच्या आसपासच जागा असते, तेव्हा घासणारच.

वाकवायचं हत्यार हातात घेतलं होतं. पण रोटर एवढा वाकेल असा मार त्यावर कुठेच दिसेना. शिवाय डोलणं गुळगुळीत होतं: अर्धा फेरा डावीकडे, अर्धा उजवीकडे. ठोकर लागलेला रोटर एखाद्या ठिकाणी झटका देतो. हा ताटासारखा तिरका चालत होता. म्हणून बोल्ट काढले, रोटर एक भोक पुढे फिरवला आणि पुन्हा आवळला. 0.75. आणखी एक भोक. 0.44. आणखी एक. 0.1.

मी पाना खाली ठेवला. नुसता रोटर वाकडा असता तर तो कसाही बसवला तरी आकडा तोच आला असता, जास्तीत जास्त डोलण्याची जागा रोटरबरोबर सरकली असती. नुसतं हब वाकडं असतं तरी आकडा तोच, जागा मात्र हबवर ठरलेली. आकडा बदलतोय म्हणजे दोन्ही वाकडे. आणि एकाच जागी दोघांचं वाकडेपण एकमेकांना खातं. ती जागा म्हणजे गेल्या वर्षी मी तो ‘सरळ’ केला तेव्हाची. सरळ कसला, तिरक्या हबला जुळेल असा मी चांगला रोटर वाकवला होता. त्या गृहस्थांनी अजाणतेपणी तो बरोबर उलटा, तीन भोकं फिरवून बसवला आणि दोन्ही वाकडेपणांची बेरीज झाली.

या क्षणी काम झालेलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. 0.1 वर ठेवून चाक दिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं.

रोटर काढून दुसर्‍या, खात्रीच्या चाकावर लावला: 0.42. मग भंगाराच्या खोक्यातून त्यांचा जुना रोटर शोधला, तोही लावला: 0.08. जाडी 1.7 मिलिमीटर, म्हणजे रोटर बदलायच्या 1.5 च्या मर्यादेला अजून वेळ. धडधाकट रोटर मी फेकला होता.

हबच्या बसणीवर, म्हणजे रोटर टेकतो त्या जागेवर, निळा मार्कर फिरवला, जुना रोटर ठेवून थोडा मागेपुढे घासला आणि उचलला. शाई एकाच भोकाभोवती खरवडली गेली होती. बोटाला जेमतेम कळेल अशी कड. अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये बोल्ट जास्त आवळला की भोकाच्या तोंडाचे आटे वर ओढले जातात, ती ही कड. बोल्ट 44 मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि रोटर 160 चा, म्हणजे इथला फरक बाहेरच्या कडेला साडेतीन पटींहून मोठा होऊन दिसतो. इथे 0.12, तिथे 0.43. आमच्याकडचा एक सहकारी प्रत्येक बोल्ट मनगट दुखेपर्यंत पिळतो. 4 ते 6 न्यूटन-मीटर बास असतात हे त्याला सांगून थकलोय.

कानस लावायची नाही, त्याने अख्खी बसणच तिरकी होते. काउंटरसिंकचं पातं हातात धरून त्या भोकावर दोन हलके वेढे दिले, फक्त ओठ जाईपुरते. पुन्हा मार्कर, पुन्हा रोटर. या वेळी शाई सहाही भोकांभोवती पुसली गेली. जुना रोटर टॉर्क पान्याने आवळला. 0.11. हवा त्या भोकावर बसवा, तेवढाच.

गृहस्थांना सगळं सांगितलं. माफीही मागितली. ते म्हणाले, “म्हणजे मी वाकवला नव्हता.” बस एवढंच. वाकवलेला रोटरही त्यांनी मागून घेतला.

संध्याकाळी कामाची वही उघडली. पहिल्या तक्रारीच्या दोन आठवडे आधीची नोंद सापडली: पुढचं हब उघडून ग्रीस, छर्रे बदलले. रोटर काढल्याशिवाय आम्ही ते काम करत नाही. बोल्ट कोणी आवळले ते लिहिलेलं नाही. अक्षर माझं आहे, पण वही रोज मीच लिहितो.