रविवारला अल्हाद म्हणणारी भाषा

रविवार, रात्री साडेअकरा

आजच्या वाराला लाडिनोत, म्हणजे मूळच्या स्पेनमधल्या ज्यूंच्या भाषेत, ‘अल्हाद’ म्हणतात. स्पॅनिशमधला ‘दोमिंगो’ म्हणजे ख्रिस्ती प्रभूचा वार. तो ज्यूंना तोंडात घ्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी अरबी शब्द धरून ठेवला. बाकी भाषा मुळात स्पॅनिशच, पण पाचशे वर्षांपूर्वीची. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने या लोकांना हाकललं. त्यातले कितीतरी तुर्की सुलतानाच्या मुलखात गेले, इस्तंबूल, सालोनिका, सारायेवो अशा गावांत रुजले आणि घरात हीच भाषा बोलत राहिले. देवालासुद्धा ते ‘दियोस’ म्हणत नाहीत, ‘एल दियो’ म्हणतात. शेवटचा स अनेकवचनाचा वाटतो, आणि देव तर एकच! हा हट्ट मला फार आवडला.

आठवडाभर ओट्याशी उभी राहून याच भाषेतली गाणी ऐकतेय. आधी इस्रायली गायिका यास्मिन लेव्ही. तिचे वडील इत्झाक लेव्ही यांनी जुन्या लोकांकडून गाणी ऐकून टिपून ठेवली, आणि मुलीने त्यात फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणंबजावणं, मिसळलं. तिथवर ठीक होतं. मग अमेरिकेतली गायिका सारा अरोएस्ते लागली. ड्रम, गिटार, सगळा दणका. मी नाक मुरडलं. भाषा शेवटच्या घटका मोजतेय आणि हे काय, आजीची पैठणी फाडून कुर्ता शिवल्यासारखं! (मला फ्यूजनचा तसाही राग आहे, हे इथे कबूल करून टाकते.)

दुपारी माळा आवरताना आजीचं संगीत नाटकाचं पुस्तक सापडलं. पानं पापडासारखी झालीयत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल –’ आणि पुढे भलत्याच गाण्याची पहिली ओळ. कुठे लावणी, कुठे कानडी पद, कुठे उर्दू नाटकातलं काहीतरी. आजी आधी ती कंसातली ओळ गुणगुणायची, चाल पकडायची आणि मगच पद म्हणायची. पाटावर बसायच्या आधी पाट पुसून घ्यावा तसं.

ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि मागे वाचलेलं आठवलं. इस्रायल नजारा नावाच्या ज्यू कवीचं हिब्रू स्तोत्रांचं पुस्तक १५८७ साली सफेद नावाच्या गावात (आता ते इस्रायलमध्ये आहे) छापलं गेलं. त्यातही स्तोत्राच्या डोक्यावर हेच! अमुक तुर्की गाण्याची चाल, तमुक स्पॅनिश गाण्याची. देवाची आळवणी, आणि चाल बाजारातल्या प्रेमगीताची. पुढे विसाव्या शतकात सालोनिकात सादिक आणि गाझोझ ही जोडी लोकप्रिय चालींवर लाडिनो शब्द बसवून गायची. टँगोसुद्धा सोडला नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी नाही का कीर्तन उचललं आणि बायबलमधली आख्यानं साकी-दिंडीत लावली! म्हणजे माझी ती न फाडलेली पैठणी होती तरी कुठे?

सालोनिकाचं एक वाचलेलं डोक्यातून जात नाही. तिथल्या बंदरातले हमाल बहुतेक ज्यू, म्हणून शनिवारी अख्खं बंदर बंद असायचं. १९४३ मध्ये तिथून नाझींच्या आउशवित्झ मृत्युछावणीकडे ज्यूंना भरून गाड्या सुटल्या आणि काही महिन्यांत गावातली भाषाच गेली. चाली काय, त्या कुठेही ऐकू येतात.

लाडिनो गाणारी फ्लोरी जागोदा १९२३ साली सारायेवोत जन्मली. गाणी आजीकडून, म्हणजे नोनाकडून शिकली. १९४१ मध्ये खोट्या नावाच्या तिकिटावर आगगाडीने पळाली. वाटभर अकॉर्डियन वाजवत बसली, डबा गाऊ लागला आणि तिकीट तपासनीसाने कागद मागितलेच नाहीत. मागे राहिलेली बहुतेक माणसं मारली गेली. पुढे अमेरिकेत, १९८३ साली, तिने हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणातल्या आठ मेणबत्त्यांवर गाणं रचलं, ‘ओचो कांदेलिकास’. आता लोक त्याला सर्रास पारंपरिक समजतात. कांदेला म्हणजे मेणबत्ती, कांदेलिका म्हणजे, काय म्हणू, मेणबत्तुली.

संध्याकाळी तेच लावून पोळ्या लाटत होते. भाची स्टुलावर बसून पाय हलवत होती.

“मावशी, ही मोजतेय का?”

“कशावरून?”

“ऊना, दोस, त्रेस… आणि परत परत तेच.”

तिला भाषेचं नावही माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा लावल्यावर ती बरोबर म्हणायला लागली. तिसऱ्यांदा शब्द बदलले: एक पोळुली, दोन पोळुल्या, तिसरी करपली. सातवीपर्यंत पोचली आणि अडली, कारण माझी कणीक संपली होती. मग हट्टाने तिने आठवी ‘मनातली पोळुली’ घेतली आणि गाणं पुरं केलं.

आत्ता ते सगळं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलंय. वर कंसात लिहिलं: (चाल – ओचो कांदेलिकास).