चॅटबॉटची तुलना, नोंद तिसरी : मोजपट्टीच बदलली

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की रोजच्या कामासाठी 'क' पहिला आणि बाकीचे तिघे बरेच मागे. ते विधान मागे घेतो. पाच आठवड्यांनंतर 'क' तिसऱ्या क्रमांकावर आहे. तो बिघडलेला नाही, मीच चुकीचं मोजत होतो.

तुलनेतल्या चार चॅटबॉटना क, ख, ग, घ म्हणतो. नावं मुद्दाम देत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा नावाचीच होते, आणि आतलं मॉडेल, म्हणजे उत्तरं तयार करणारी प्रणाली, तर केव्हाही बदलतं. पद्धत जुनीच: एकच प्रश्न चौघांना, दर वेळी कोरा संवाद, जुन्या गप्पा लक्षात ठेवण्याची सोय बंद, आणि प्रत्येक प्रश्न तीनदा. तीनदा का, तर ही मॉडेलं उत्तराचा पुढचा तुकडा संभाव्यतेने निवडतात, त्यामुळे एकाच प्रश्नाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं उत्तर येऊ शकतं. एका उत्तरावरून मत बनवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षाही नव्हे, कारण इथे दुसरं शीत वेगळंच निघतं.

उत्तरं मला नावाशिवाय मिळतात. धाकटी बहीण ती साध्या फाइलमध्ये चिकटवते आणि क्रम उलटसुलट करते. तिसऱ्या आठवड्यात तिने आपल्या मनाने आणखी एक गोष्ट केली: ठळक अक्षरं, ठिपक्यांच्या याद्या, इमोजी, उपशीर्षकं, सगळं काढून टाकलं. त्या दिवशी 'क' घसरला. मी परत बघ म्हटलं, तर ती म्हणाली, "दादा, तू उत्तर वाचतोस की नुसती लांबी बघतोस?"

लागलं, पण खरं होतं. मी एकटाच असा नाही म्हणा. चॅटबॉट अरेना या नावाने २०२३ मध्ये सुरू झालेलं संकेतस्थळ दोन निनावी उत्तरं शेजारी ठेवून लोकांची मतं घेतं. लांब आणि सजवलेल्या उत्तरांना जास्त मतं पडतात हे त्यांच्याही लक्षात आलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी लांबी-सजावटीचा परिणाम वजा करून क्रमवारी लावायची सोय आणली. मी मात्र घरच्या घरी त्याच खड्ड्यात पडत होतो.

तेव्हापासून गुण देणं बंद. आता घड्याळ लावतो. उत्तर हातात आल्यापासून ते वापरण्याजोगं होईपर्यंत माझी किती मिनिटं गेली, एवढंच लिहितो. तपासणं, खोडणं, पुन्हा विचारणं, सगळं त्यात धरलेलं.

या घड्याळाने सर्वात जास्त उलथापालथ केली ती मराठी लिखाणात. साधं काम होतं: एका ओळखीच्या गृहस्थांना भेटीची तारीख पुढे ढकलण्याबद्दल चार ओळींचं पत्र. 'क'ने अर्धं पान दिलं आणि सुरुवात केली, "मला आशा आहे की हे पत्र आपणास सुस्थितीत सापडेल." पत्र हरवलं होतं की काय? इंग्रजीवर देवनागरी पांघरूण. खोडायला नऊ मिनिटं लागली, तेवढ्यात मी स्वतः दोन पत्रं लिहिली असती. 'ग'चं पत्र रुक्ष होतं, पण मी एकच शब्द बदलला आणि पाठवलं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. आपलं क्रियापदच लिंग सांगतं, त्यामुळे चॅटबॉटला "तपासतो" किंवा "तपासते" यांतलं काहीतरी ठरवावं लागतं. 'ख' पहिल्या परिच्छेदात "मी तपासतो" म्हणाला आणि तिसऱ्यात "मी सुचवते". 'ग' मात्र शहाणा, "तपासून देता येईल" म्हणून निसटतो. आणि 'घ'ला मुद्रितशोधनासाठी मजकूर दिला तर त्याने सगळीकडच्या 'आणि'चं 'आणी' करून टाकलं! शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम त्याला ठाऊक, 'आणि' व 'नि' त्याला अपवाद आहेत हे नाही. वर खाली टीप: "शुद्धलेखन सुधारले आहे." ती फाइल मी जपून ठेवली आहे.

अक्षरं मोजायला सांगणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण ही चाचणी अजून सगळे करतात. मॉडेलला अक्षरं दिसतच नाहीत, त्याला टोकन दिसतात, म्हणजे मजकुराचे आधीच पाडलेले तुकडे. 'क्षितिज' आपल्याला तीन अक्षरांचा शब्द. संगणकात मात्र ती सात चिन्हं असतात, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं म्हणून एकवीस बाइट. त्याचे तुकडे कुठे पडतील ते त्या मॉडेलच्या टोकनायझरवर, म्हणजे तुकडे पाडणाऱ्या भागावर अवलंबून. मे २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीचं जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा तिने दिलेल्या तक्त्यात मराठीचा एक नमुना मजकूर आधीच्या ९६ टोकनांवरून ३३ वर आलेला होता. म्हणजे तोच मजकूर, जवळजवळ एक तृतीयांश तुकड्यांत. फुकट खात्याची मर्यादा मराठीत लवकर का संपते, लांबलचक मराठी संवादात सुरुवातीचं लवकर का विसरलं जातं, याचं निदान एक कारण इथे आहे: मराठीचे तुकडे जास्त पडतात. अक्षरं मोजण्यात नापास झाला म्हणून कुणाला नापास करू नका, आणि पास झाला म्हणून डोक्यावरही घेऊ नका.

स्प्रेडशीटची सूत्रं, इमेलचा गोषवारा, दोन तारखांमधले दिवस: चौघेही ठीक. सूत्रांत 'ख' थोडा पुढे. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लांब दस्तऐवजात मात्र फरक पडला. चाळीस पानी करारनाम्याच्या बरोबर मध्यावर मी एक वेगळी मुदत घुसवली आणि तीच विचारली. दोघांनी अचूक सांगितली. एकाने तिसऱ्या पानावरची भलतीच मुदत दिली, तीही कलम क्रमांकासकट. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनाय १.५ प्रो मॉडेलने दहा लाख टोकनांची खिडकी, म्हणजे एका वेळी समोर ठेवता येणाऱ्या मजकुराची मर्यादा, दाखवली तेव्हा मला वाटलं होतं की हा प्रश्न मिटला. पण खिडकीत मावणं वेगळं आणि त्यातलं नेमकं उचलणं वेगळं. हल्ली मी उत्तरासोबत मूळ वाक्य जसंच्या तसं मागतो आणि फाइलमध्ये शोधून बघतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

माझी आवडती चाचणी तीन शब्दांची आहे: "नक्की का रे?" बरोबर उत्तर आलं असतानाच विचारायची. 'घ' लगेच माफी मागून बरोबरचं चूक करतो. 'क'सुद्धा दोनदा घसरला. 'ग' म्हणाला, "हो, कारण…" आणि पुन्हा गणित मांडलं. होयबा वृत्ती हा काही एखाद्याचाच दोष नाही. माणसांच्या पसंतीवर मॉडेल घडवलं की माणसांना आवडणारं बोलण्याची ओढ त्यात येतेच. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओचा एक बदल फारच खुशामत करतो म्हणून मागे घेतला होता. रोजच्या वापरात मला हाच दोष सर्वात महाग पडतो, कारण तो घड्याळात दिसत नाही. चूक पाठवून झाल्यावर कळते.

लॅपटॉपवर स्वतःचं मॉडेल चालवायचा प्रयोगही झाला. हिशेब सोपा: आठ अब्ज पॅरामीटर (मॉडेलच्या आतले शिकलेले आकडे), प्रत्येकी सोळा बिट म्हणजे सोळा जीबी मेमरी. प्रत्येक आकडा चार बिटांवर दाबला की मॉडेल चार-पाच जीबीत बसतं, आणि माझ्या सोळा जीबीच्या यंत्रावर वाचायच्या वेगाने उत्तर येतं. खाजगी कागद बाहेर जात नाहीत, इंटरनेट नसलं तरी चालतं. मराठी मात्र लंगडी. मॉडेल निवडताना त्याच्या भाषांची यादी वाचा: मेटा कंपनीच्या लामा ३.१ च्या अधिकृत आठ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. सध्या मी त्याला फक्त इंग्रजी टिपणांची वर्गवारी करायला लावतो, आणि त्यात तो मुकाट्याने चांगलं काम करतो.

आजची स्थिती: लिखाणाला 'ग', सूत्रांना 'ख', खाजगी कागदांना लॅपटॉपवरचं मॉडेल. 'क' फक्त नवीन कल्पना उसन्या घ्यायला, तेव्हा त्याची बडबड चालते. 'घ'चं खातं ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात त्याला तीच मुद्रितशोधनाची फाइल पुन्हा देणार आणि 'आणि' मोजणार.