रेशमचा गुंता सुटला, बराचसा

मंडळी, सापडलं. कोणतं गाणं कशातून उचललं याची झाडं, म्हणजे वंशावळी, मी वहीत मांडतो. तिच्यात दीड महिना ज्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह लटकत होतं, ती ओळ काल रात्री भरली. आणि सापडलं ते माझ्या कानाला नाही, भाच्याच्या फोनला. ते दुःख पुढे सांगतोच.

मागच्या वेळी ‘थोडा रेशम लगता है’चं झाड अर्धं सोडलं होतं. मूळ १९८१च्या ‘ज्योती’ या हिंदी चित्रपटातलं, संगीत बप्पी लाहिरी, आवाज लताबाईंचा. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ची फांदी फुटली: निर्माता डीजे क्विकनं लताबाईंचा तुकडा उचलून त्याचा लूप केला, म्हणजे तो पुन्हा पुन्हा फिरवला, मधे रकीमचा रॅप. ही नोंद सोपी, सॅम्पल. त्याच सुमारास हेच गाणं नव्यानं गाऊन आपल्याकडे गाजलेलं ‘कलियों का चमन’ लोकांच्या तोंडी रिमिक्स, माझ्या वहीत कव्हर. यावर मागे पुष्कळ भांडून झालंय, परत नको. गायिका नवी, वादन नवं, मग रिमिक्स कशाचं केलं? कॉपीराइट कायद्यालाही हे वेगळं काढावं लागलंच. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम ३१सीखाली कव्हर करायचं तर पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं (आधी दोन होती), आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं वेष्टनावर छापायचं.

घोडं अडलं होतं ते तिसऱ्या फांदीवर. नागपूरच्या इतवारीत एका भंगारवाल्याकडे वीस रुपयांत मिळालेली एमपी थ्री सीडी, तिच्यावर मार्करनं ‘थोडा रेशम हिपहॉप मिक्स’ एवढंच. ढोल, सायरन, खाली जाड किक (बास ड्रमचा ठोका), मधे मधे लताबाई. वरातीत वाजवायला केलेला माल. प्रश्न एकच: या मिक्समधल्या लताबाई ‘ज्योती’तून आल्या की ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मधून?

काय फरक पडतो, असं विचारणारे इथे कोणी नाहीत, म्हणून तर इथे लिहितो. घरी विचारतात.

माझं गृहीत असं की नागपुरातल्या माणसानं मिक्स केलं तर त्याच्या हाताशी हिंदी कॅसेटच असणार. म्हणून ‘ज्योती’ची कॅसेट काढली, तर डेकचा बेल्ट पिठासारखा झालेला. ऑनलाइन मागवलेला बेल्ट कुत्र्याच्या गळ्यात बांधता आला असता एवढा सैल. शेवटी बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी डबा उपडा करून, बोटानं ताणून ताणून एक काढून दिला, तीस रुपये. बेल्ट मापावर नाही, हातावर घ्यावा हे माझं मत आता पक्कं.

मग नल टेस्ट. तुम्हाला माहीतच आहे, एकाच रेकॉर्डिंगच्या दोन प्रती ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याला नमुना जुळवायच्या, एकीची लहर वरची खाली अशी उलटी करायची, बेरीज शांतता आली पाहिजे. माझी बेरीज म्हणजे मोरीत भांडी पडल्याचा आवाज. चूक माझीच होती. कॅसेटचा वेग डगमगतो, एमपी थ्रीनं तपशील आधीच खाल्लेला, आणि मिक्सवाल्यानं गाणं पळवलेलं. टर्नटेबलसारखा वेग वाढवला तर सूरही चढतो, सहा टक्क्यांना जवळपास एक अर्धस्वर. इथे सूर जवळपास तेवढाच चढलेला वाटला, म्हणून वेग तितकाच उतरवून पाहिला, तर लताबाई सुरात आल्या पण ताल मागे पडला. म्हणजे त्यानं वेग आणि पट्टी वेगवेगळी फिरवली होती. अशा मालावर नल टेस्ट लावणं म्हणजे पुरणपोळीतून डाळ मोजणं. तीन रात्री गेल्या.

मग आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं एक सॉफ्टवेअर आणलं. नाव घेत नाही. त्यातून लताबाई अंबाझरीच्या तळ्याखालून गायल्यासारख्या बाहेर आल्या, आणि वेगळ्या काढलेल्या ‘वाद्यां’त त्यांचंच भूत फिरत होतं. पुरावा म्हणून अशी फाइल धरायची नाही हे मी ठरवून टाकलंय. जे यंत्र आवाज काढतं तेच थोडा घालतंही.

काल रात्री कूलर बंद करून (मे महिन्यात नागपुरात हे केवढं बलिदान आहे ते ओळखा) हेडफोन लावून बसलो होतो. भाचा आला, म्हणाला, “मामा, माझ्या फोनवर पाठव ना, मी बी ऐकतो.” त्याच्या त्या चिमणीएवढ्या स्पीकरवर दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणे, “मामा, लताबाईच्या मागं कोन बाई इंग्रजीत बोलून राहिली बे?”

बे मला नव्हतं, फोनला होतं, असं तो नंतर म्हणाला.

पण होती ना! एका ठिकाणी लताबाईंची ओळ संपते आणि तिच्या शेपटीला दुसऱ्या बाईचा अर्धा शब्द चिकटलेला. एक श्वास आणि एक तुटकं अक्षर, मग किक सगळं झाकते. माझ्या महागड्या हेडफोनमध्ये खालचा धडधडाट इतका की ते कधी वर आलंच नाही. फोनला खालचा पट्टाच नाही, तिथे ते टाचणीसारखं टोचलं. मग हाय पास फिल्टर लावून किक कापली, तोच तुकडा ‘अ‍ॅडिक्टिव्ह’शेजारी ठेवला, वेग-पट्टी जुळवली, आणि ट्रुथ हर्ट्सचा तो अर्धा शब्द जागच्या जागी बसला. कात्री जरा उशिरा चालली होती, बस. लताबाई इतवारीत आल्या त्या लॉस एंजेलिसवरून. भाच्याला आज सकाळी दोन प्लेट तर्री पोहे.

आता नोंद कशी करायची? माझा नियम असा की ज्यातून उचललं त्यालाच जोडायचं, एक पायरी. म्युझिकब्रेन्झ या ऑनलाइन संगीतसूचीतही सॅम्पलचं नातं रेकॉर्डिंगचं रेकॉर्डिंगशी असतं, गाण्याच्या नावाचं नावाशी नाही, आणि ते मला पटतं. म्हणजे मिक्स जोडलं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ला, ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ जोडलं ‘ज्योती’ला. नकाशा बरोबर. पण ओळ भरून झाल्यावर पाहिलं, तर मिक्सच्या ओळीत लताबाईंचं नावच नाही! आवाज त्यांचा आणि श्रेय दोन घरं पलीकडे.

हे इथे लिहिता लिहिताच ठरवतोय, तेव्हा शिव्या घालू नका: दोन नवे रकाने. एक ‘कुठून उचललं’, तिथे एक पायरी. दुसरा ‘गळा किंवा हात कोणाचा’, तिथे कितीही पायऱ्या असोत, थेट माणसापर्यंत. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ब्रेक, म्हणजे नुसत्या ड्रमचा तुकडा, कोणीही कुठूनही घेवो, दुसऱ्या रकान्यात ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड येणार. गीतकारीत त्याचं नाव नाही, जेम्स ब्राउनचं आहे, पण काठ्या त्याच्या हातात होत्या.

हक्काचा रकाना मात्र करणार नाही. तो वकिलांचा. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’चंच बघा. बप्पीदांचं श्रेय छापल्याशिवाय अल्बम विकू नका, असं अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी सांगितलं, तेव्हा आपण सगळे खूश. पुढे त्याच दाव्यात निघालं की गाण्याचे हक्क त्यांच्याकडे नव्हतेच, चित्रपटाच्या निर्मात्याकडे गेलेले. चाल त्यांची, मालकी त्यांची नाही. एकाच चौकटीत दोन्ही कोंबलं असतं तर वही खोटी ठरली असती.

थांबा, तिसरा रकानाही लागणार, ‘शब्द कोणाचे’. शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ आठवलं. १९७९, खाली शिक या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची चाल, पण ती सॅम्पल नाही, वादकांनी स्टुडिओत परत वाजवलेली, म्हणून ‘पुनर्वादन’. शिकच्या नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं गीतकारीत नंतर लागली. गँगमधल्या बिग बँक हँकचे शब्द मात्र ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरचे, आणि हँकनं ते म्हणताना ‘कॅसानोव्हा’ची अक्षरं एकेक करून उच्चारली. कॅसानोव्हा हे कॅझचं नाव! दुसऱ्याची वही वाचताना वरचं नावसुद्धा वाचून टाकलं, आणि तरी लेबलवर ते नाही. हे रकान्यात नाही बसवलं तर कशाला हे उद्योग?

म्हणजे झालेल्या दोनशेच्या वर ओळी पुन्हा उघडायच्या. ‘मेरे गली में’ मात्र आता सुटतं. २०१५चं डिव्हाईन आणि नेझी या रॅपरांचं, बीट सेझ या निर्मात्याचा. २०१९च्या ‘गली बॉय’मध्ये रणवीर सिंगचाही आवाज आला. हे कव्हर की रिमिक्स यावर मी दोन वेळा मत बदललं होतं. आता फक्त गळ्यांच्या रकान्यात तीन नावं. नात्याचं नाव नंतर बघू.

राहिला मिक्स करणारा. त्याच्या रकान्यात अजून ‘अज्ञात’. सीडीत दर मिनिटाला तो स्वतःचं नाव ओरडतो, “डीजे...” आणि नेमका तिथेच त्यानं स्वतःचाच सायरन सोडलाय. हाय पास, लो पास, भाच्याचा फोन, सगळं करून झालं. शेवटचं अक्षर ‘या’ किंवा ‘का’ आहे, आणि मग “नागपूर” स्वच्छ ऐकू येतं. पाचपावलीत एक काका आहेत, तेव्हा वरातीला साउंडची गाडी लावायचे. रविवारी सीडी घेऊन त्यांच्याकडे जातो. भाचा फोन घेऊन येतोय.