टिंबाने सुरू होणारी फाइल

रविवार, रात्री साडेअकरा

लॅपटॉप फॉरमॅट करून उबुंटू ही लिनक्स प्रणाली नव्याने टाकली, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून सवयीने एलएस ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा लिहिली आणि समोर आलेली यादी मला एकदम परकी वाटली. फायली सगळ्या जागच्या जागी आहेत. माझ्या सवयीचे रंग तेवढे गेले आहेत. काळ्या पडद्यावर डिरेक्टऱ्या, म्हणजे फोल्डर, ठळक निळ्या, डोळे ताणल्याशिवाय न वाचता येणाऱ्या; स्क्रिप्ट, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या आज्ञांच्या फायली, हिरव्या, झिप लाल. हे एलएसचे मूळचेच रंग आहेत आणि कितीतरी माणसे त्यांवर सुखाने काम करतात. मग मलाच रडू का यावे?

चूक माझी आहे. बॅकअप घेताना मी तारांकन, म्हणजे ‘सगळी नावे’ सांगणारे * हे चिन्ह, देऊन सगळे कॉपी केले आणि टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या बॅशमध्ये त्या तारांकनात टिंबाने सुरू होणारी नावे येत नाहीत. नुसत्या एलएसला ती दिसतही नाहीत, त्यामुळे दादाची डॉट-डिरकलर्स, म्हणजे एलएसचे रंग ठरवणारी फाइल, मागे राहिली हे मला कळलेच नाही.

दादाला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून त्याने ती फाइल स्वतःच्या सोयीने लिहिली होती. डिरेक्टऱ्यांना ०१;३३, म्हणजे ठळक पिवळा; चालवायच्या फायलींना ०४;३६, म्हणजे आकाशी रंग आणि खाली रेघ; झिप-टारना ०७, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीची अदलाबदल. मला दोन्ही रंग स्वच्छ दिसतात, मला त्या सोयीची गरज कधीच नव्हती. तरी नऊ वर्षे स्क्रिप्ट कोणती हे मी त्या रेघेवरूनच ओळखत आले. त्याला फोन करून मागता आली असती. पण दिवाळीनंतर... ते असो.

संध्याकाळभर स्वतःची कीव करून झाल्यावर मी डिरकलर्स -पी ही आज्ञा चालवून रंगांची मूळ फाइल उतरवून घेतली आणि आठवतील तसे आकडे बदलत गेले. बहुतेक आठवले. तुटलेल्या सिमलिंकचा, म्हणजे जागेवर नसलेल्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचा, नारिंगी मात्र अडला: रंगाच्या संकेतात ३८;५ च्या पुढे २०८ होते की २१४? दोन्ही आळीपाळीने लावून पाहिले. २०८ शेंदराकडे झुकतो, २१४ हापूसच्या गरासारखा आहे. दादाचा कोणता, ते शेवटपर्यंत ठरेना.

मी २१४ ठेवला. तो त्याचा असो वा नसो, माझ्या डोळ्यांना तो चटकन सापडतो. डिरेक्टऱ्या पिवळ्याच राहू दिल्या. फाइल हार्डडिस्कवर कॉपी करताना या वेळी तिचे नाव टिंबासकट टाइप केले.