जपानमधली तिसरी, पाव मीटर आणि आपला गूळ

जपानी शाळेत पाऊण वाचताना चार आधी येतो: ‘योन बुन नो सान’, चार भागांतले तीन. लिहितानाही आधी आडवी रेघ, मग खाली छेद, शेवटी वर अंश. आपलं ‘तीन छेद चार’ ऐकून पोराला तीन आणि चार असे दोन सुटे आकडेच दिसतात. सांगली-साताऱ्याकडच्या गुरुजींनी, बाईंनी सुरुवातीचे काही दिवस ‘चार भागांतले तीन’ असंच वाचून घ्यावं. खर्च शून्य.

जपानमध्ये दुसरीत चौकोनी कागदाच्या घड्या घालून अर्धा आणि पाव होतो, तिसरीत मीटर आणि लिटर येतात. खरी गंमत आणि खरा घोटाळा तिसरीतच.

बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणा. तीन-तीन मुलांच्या गटाला १ मीटरची एक पट्टी द्या, पण दोन गटांना गुपचूप २ मीटरची. सगळ्यांनी दोनदा दुमडून चौथा भाग काढायचा. मग पट्ट्या फळ्यावर शेजारी चिकटवा. एकाचा पाव २५ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ५०! दोन्ही पावच, पण ‘पाव मीटर’ पहिलाच; दुसरा अर्धा मीटर. इथं उत्तर सांगायची घाई नको, भांडू द्या. अडलेच तर गुळावर या: १० किलोच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, पाव अडीच किलो, आणि पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम. ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न बाजारात जाणाऱ्या पोराला लगेच कळतो.

घडी चुकते ती बहुधा टोकं जुळायच्या आधी दाबल्यामुळे. पहिल्या घडीतली चूक पुढच्या घड्यांत तशीच जाते. टोकं जुळवा, एकानं धरा, मगच दाबा. (या कागदावर नख घासलं की काळी रेघ उठते, घडीवर ती उपयोगी, इतरत्र ताप.)

तीन किंवा पाच भाग दुमडून नीट होत नाहीत. त्यासाठी २० सेंटिमीटरची पट्टी रेघी वहीवर तिरपी ठेवा: एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं सोळाव्या. मध्ये पंधरा सारख्या फटी. दर पाच फटींवर खूण केली तर तीन भाग, दर तीनवर केली तर पाच. रेघा समान अंतरावर असल्यानं तिरपी पट्टीही समानच कापली जाते. भाकरीचे तीन समान भाग करायला मात्र सांगू नका. मोठ्यांनाही जमत नाही, आणि पोरं असमान तुकड्यालाच तिसरा भाग म्हणायला शिकतात.

बेरजेत पाव अधिक पाव बरोबर ‘दोन छेद आठ’ हमखास येतं. तेव्हा १ लिटरच्या खुणांच्या भांड्यात दोनदा पाव लिटर पाणी ओतायला लावा. पाणी ५०० मिलीलिटरच्या खुणेला लागतं. दोन छेद आठ, म्हणजे २५० ची खूण, पहिल्या ओतण्यातच भरलेली असते.