तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ज चालू असताना भारतात जाऊन यायचं का?

"नवरा सिटिझन आहे, ग्रीन कार्डचा अर्ज टाकलाय. भावाच्या लग्नाला पंधरा दिवस जाऊन आले तर चालेल ना?" आमच्या न्यू जर्सीत गणपतीला चार बायका जमल्या की मला हे कुणीतरी विचारतंच.

अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात असेल तरच जा. हातात म्हणजे मंजूर होऊन आलेलं. त्याचा अर्ज केलाय, पावती आलीय, एवढ्यावर निघायचं नाही. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, चालू असताना त्याशिवाय देशाबाहेर गेलात, तर तुम्ही अर्ज सोडून दिलात असंच धरतात. एच-१बी, एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना वैध व्हिसावर परत येता येतं. मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर होते. विद्यार्थ्यांना ती सवलत नाही.

आम्ही २०२२ साली अर्ज भरला, तेव्हा वकीलबाईंनी पॅरोलचा आय-१३१ फॉर्मही पुढे केला होता. "आत्ता कुठे जायचंय?" म्हणून आम्ही तो राहू दिला. तेव्हा आय-४८५ बरोबर भरला तर त्याची वेगळी फीसुद्धा नव्हती. १ एप्रिल २०२४ पासून ती लागते, म्हणून हल्ली बरेच जण तो गाळतात. कृपा करून गाळू नका.

चार महिन्यांनी वाईला आजी गेली. तिनेच मला लहानाची मोठी केली होती. तिकिटाचं पान उघडून मी रात्रभर बसले. सकाळी वकीलबाई म्हणाल्या, "निघालात तर सगळं पहिल्यापासून."

दहाव्याला भावाने कृष्णेच्या घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. पिंड ठेवला होता, कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. मग काकांनी हात जोडले, "आई, पोरगी येईल. कागद झाला की पहिली इथंच येईल." तेव्हा कावळा शिवला.

घरात असा प्रसंग आला तर डॉक्टरांचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला दाखवून इमिग्रेशनच्या स्थानिक ऑफिसात तातडीचा पॅरोल मागता येतो. मिळेलच असं नाही, पण मागता येतो. हे मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

नंतर आम्ही तो राहिलेला फॉर्म भरला, पॅरोल आला आणि मी आधी घाटावर गेले.

परतताना नेवार्कला मला आतल्या खोलीत बसवलं. घाबरू नका, पॅरोलवाल्यांना बरेचदा बसवतात. पण पॅरोल म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, आत घ्यायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो. पूर्वी कधी व्हिसाची मुदत उलटून राहिला असाल किंवा पोलिसांचं काही प्रकरण झालं असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. दोन तासांनी शिक्का बसला. बाहेर आल्यावर आधी काकांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.